रफ वहीतलं

पुस्तक परत देताना मी म्हणाले, ‘‘चांगलं आहे. तुमच्या वयासाठी तर फारच छान.’’ भाची पलंगाच्या कडेला पाय वर घेऊन बसली होती. आठवडाभर ती माझ्या मागे लागली होती, वाचलंस का, कितव्या पानावर आहेस, तो दुसरा माणूस लिफ्टमध्ये आला का. मी काय म्हणते ते ऐकायला ती जरा पुढे झुकली होती. माझं वाक्य संपलं तरी क्षणभर ती तशीच राहिली, आणखी काहीतरी येईल या अपेक्षेनं. काही आलं नाही. मग तिनं पुस्तक घेतलं, मुखपृष्ठावरून एकदा हात फिरवला, ते बॅगेत ठेवलं आणि चेन ओढली. ‘‘म्हणजे नाही आवडलं,’’ ती म्हणाली. ‘‘अगं, चांगलं आहे म्हटलं ना.’’ ‘‘हो, ते ऐकलं मी.’’ एवढंच. त्यानंतर ती परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल बोलायला लागली, अगदी नीट, पाहुण्यांशी बोलावं तसं.

चेन ओढल्याचा तो आवाज पुढचे चार दिवस माझ्या कानात होता.

आदल्या रात्री काय झालं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. ‘लाँग वे डाउन’ मी झोपण्यापूर्वी सहज चाळायला घेतलं होतं. जेसन रेनॉल्ड्सची ही 2017 ची कादंबरी सबंध मुक्तछंदात आहे. जाडी तीनशे पानांची असली तरी पानावर कधी वीस ओळी, कधी चार, कधी एकच. विल पंधरा वर्षांचा. त्याच्या मोठ्या भावाला कुणीतरी गोळी घातलीय. त्यांच्या वस्तीतल्या मुलांना तीन नियम पाठ आहेत : रडायचं नाही, चुगली करायची नाही, सूड घ्यायचा. विल भावाच्या कपाटाचा अडकलेला खण जोर लावून उघडतो, आतलं पिस्तूल कमरेला खोचतो आणि आठव्या मजल्यावरून खाली जायला लिफ्टमध्ये शिरतो. जवळजवळ सगळी कादंबरी त्या लिफ्टमध्येच घडते, जेमतेम मिनिटभरात. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबते आणि एक माणूस आत येतो. आत येणारा प्रत्येक जण मेलेला आहे. मी उशीला टेकून सुरुवात केली होती. पाचव्या मजल्यापर्यंत ताठ बसले होते, दुसऱ्या मजल्याला पाय जमिनीवर होते. पानं उलटण्याचा वेग माझ्या हातात राहिला नव्हता. पानांवरची पांढरी जागा लिफ्टमधल्या हवेसारखी कमी कमी होत जातेय असं वाटत होतं. शेवटच्या पानावर दोनच शब्द आहेत, तेही प्रश्नार्थक. ते इथे सांगणार नाही. ते वाचल्यावर मी दिवा घालवला आणि अंधारात कितीतरी वेळ पुस्तक छातीशी धरून बसले. हाताची बोटं गार पडली होती. गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याही मोठ्या माणसांच्या कादंबरीनं मला असं उठवून बसवलं नव्हतं.

आणि सकाळी मी तिला म्हणाले, चांगलं आहे.

तिनं ते पुस्तक मला दिलं तेव्हाचं दृश्य आठवून जास्तच टोचत होतं. ती उभ्याउभ्याच बोलत होती. गोष्ट मधूनच सुरू करत होती, मग ‘थांब, हे आधी सांगायला हवं होतं’ म्हणून मागे जात होती, परत पुढे उडी घेत होती. काय लिहिलंय याहून ते वाचताना आपलं काय झालं हेच ती सांगत होती : बसमध्ये होते, उतरायचा स्टॉप गेला, पुढच्या स्टॉपवर उतरून चालत आले पण चालतानाही वाचत होते. ‘‘मावशी, मी मेलेच त्या पानावर. तू त्या पानावर आलीस की मला लगेच मेसेज कर. आकडा नको बघूस, तुला कळेलच कुठलं ते.’’ पंधरा वर्षांच्या मुलीला एखादं पुस्तक आवडतं तेव्हा ती त्याची शिफारस करत नाही. ते तुमच्या अंगावर टाकते. आपण मोठी माणसं मांडणी, शैली, पात्रचित्रण असले शब्द वापरतो. मीही वापरते, त्यांचा उपयोग आहे. पण त्या शब्दांच्या मागे उभं राहून आपण स्वतः दिसेनासं होऊ शकतो हे तिच्यासमोर मला पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं.

मी चौदा वर्षांची असताना एक कादंबरी वाचून अशीच धावत गच्चीवर गेले होते. तिथे माझी आतेबहीण केस वाळवत बसली होती. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, कॉलेजात जाणारी, माझ्या दृष्टीनं सगळं जग पाहिलेली. कादंबरी मोठ्यांची होती, मला तिच्यातलं अर्धंमुर्धंच कळलं होतं, आणि जे कळलं होतं त्यानं मी पेटले होते. ऊन तापलेलं, फरशीला पाय टेकवत नव्हता, मी एका पायावरून दुसऱ्यावर होत सगळी गोष्ट सांगितली. ताई काही बोलली नाही. फणी केसांत तशीच अडकवून ऐकत राहिली. माझं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘पण मग तिनं त्याला पत्र का नाही टाकलं? पत्ता तर होता ना तिच्याकडे?’’ मी गप्प. हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी जिना उतरून पुन्हा पुस्तकाकडे धावले. ती कादंबरी मी त्या उन्हाळ्यात तीनदा वाचली, आणि आज तिचं कथानक धूसर झालंय, पण फणी अडकलेले ओले केस आणि तो प्रश्न लख्ख आहे. तिनं पुस्तकाला चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. माझ्या वयाबद्दल तर एक अक्षर काढलं नाही.

त्या वेळी आमच्यासाठी मधलं कपाट नव्हतंच. एकीकडे साहसकथा, परीकथा, चातुर्यकथा. दुसरीकडे एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या, ज्या आम्ही चोरून वाचायचो आणि ज्यातलं अर्धं आमच्या डोक्यावरून जायचं. मधल्या वयाचं, म्हणजे ज्या वयात आरशासमोर सर्वांत जास्त वेळ जातो आणि आरशातलं माणूस सर्वांत अनोळखी वाटतं त्या वयाचं, कुणी काही लिहीत असेल असं आम्हाला वाटलंही नव्हतं. इंग्रजीत मात्र हे कपाट आधीच भरायला लागलं होतं. एस. ई. हिंटननं ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली तेव्हा ती स्वतः पंधरा वर्षांची होती, आणि 1967 साली पुस्तक आलं तेव्हा अठरा. आपल्या वयाच्या मुलांचं खरं आयुष्य असलेलं काही वाचायला मिळत नाही, म्हणून तिनं ते लिहिलं. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट मुलीनं लिहिलीय म्हटलं तर समीक्षक तिला बाजूला सारतील, या भीतीनं प्रकाशकांनी नावाची फक्त आद्याक्षरं छापली. हे भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे माझ्याएवढी होती?’’ आणि दोन दिवस एका वहीत काहीतरी लिहीत बसली. काय ते मी विचारलं नाही.

मला या कादंबऱ्यांची ओढ लागली ती वयाची अडतिशी उलटल्यावर, लॉरी हाल्से अँडरसनच्या ‘स्पीक’मुळे. 1999 ची कादंबरी. मेलिंडा नववीत जाते ती पहिल्याच दिवशी एकटी पडलेली असते. उन्हाळ्यातल्या एका पार्टीत तिनं पोलिसांना फोन केला होता, म्हणून सगळे तिच्यावर चिडलेत. फोन का केला हे तिला कुणी विचारत नाही, आणि तिच्या तोंडून ते निघत नाही. हळूहळू तिचं बोलणंच थांबत जातं. चित्रकलेच्या वर्गात फुटक्या पृथ्वीगोलात चिठ्ठ्या टाकलेल्या असतात. तिच्या चिठ्ठीवर ‘झाड’ असतं आणि वर्षभर तिनं फक्त झाडावर काम करायचं असतं. झाड काही केल्या जमत नाही. ते झाड वाचताना मला कळत होतं की हे पुस्तक माझ्याशी बोलतंय, आणि ते वीस-बावीस वर्षं उशिरा माझ्या हातात आलंय. पुढे भाचीनं ते वाचलं तेव्हा तिनं मला फक्त शेवटच्या चित्राबद्दल सांगितलं. बाकीच्या गोष्टीबद्दल ती बोलली नाही. मीही खोदून विचारलं नाही. तेव्हाची माझी शांतता मला बरोबर वाटते अजून. चार दिवसांपूर्वीची नाही वाटत. गप्प बसण्याचेही प्रकार असतात.

या सगळ्या पुस्तकांना एका ओळीत उभं केलं तर मला त्यात एकच मूल दिसायला लागतं : ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि जे कुणाला सांगावं हे त्याला कळत नाही. ‘अ मॉन्स्टर कॉल्स’मध्ये तेरा वर्षांच्या कॉनरची आई आजारी आहे, आणि रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचं यू वृक्षाचं झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतं. राक्षस त्याला तीन गोष्टी सांगणार, आणि चौथी कॉनरनं सांगायची. ती खरी असली पाहिजे, एवढीच अट. कॉनरला कशाची भीती वाटते? राक्षसाची नाही, त्या चौथ्या गोष्टीची. या पुस्तकाचा जन्मही मला विलक्षण वाटतो. कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. 2007 मध्ये कर्करोगानं ती गेली आणि पात्रं, सुरुवात, गाभा एवढं मागे ठेवून गेली. ते घेऊन पॅट्रिक नेसनं 2011 मध्ये कादंबरी लिहिली. भाची यावर पटकन म्हणाली होती, ‘‘म्हणजे पुस्तकातच नाही, बाहेरसुद्धा एकानं अर्धी सांगितली आणि दुसऱ्यानं पुरी केली.’’ मी तेव्हा तिला वा म्हटलं होतं का, आठवत नाही. म्हणायला हवं होतं.

अँजी थॉमसच्या ‘द हेट यू गिव्ह’मधली सोळा वर्षांची स्टार तर दोन आवाजांत जगते. वस्तीत एक, श्रीमंत गोऱ्या मुलांच्या शाळेत दुसरा. शाळेत ती जपून, तोलून, बोलीभाषेचा एकही शब्द निसटू न देता बोलते. मित्राला पोलिसानं तिच्या डोळ्यांदेखत गोळी घातल्यावर साक्ष कुठल्या आवाजात द्यायची, हाच तिच्यापुढचा खरा पेच. ही कादंबरी मला आणखी एका कारणासाठी फार आवडते : तिच्यात आईबाप आहेत. पुरते, हाडामांसाचे, भांडणारे, घाबरणारे, चुकणारे आईबाप. या प्रकारातल्या बऱ्याच पुस्तकांत आईवडील एक तर वारलेले असतात, नाही तर पडद्यामागे भांडी घासत असतात, आणि ते मला खटकतं. तसंच त्या वर्तमानकाळी ‘मी’चंही. मी दार उघडते, मी श्वास रोखते, मी पळते. सलग पाच पुस्तकं वाचली की सगळ्या मुली एकाच सुरात श्वास रोखतात. यावरून भाचीशी माझं कडाक्याचं भांडण झालंय. तिचं म्हणणं, ‘‘मावशी, आमचं सगळं आत्ताच चाललंय. तुला नंतरचं माहीत आहे म्हणून तुला भूतकाळ आवडतो.’’ माझं मत अजून बदललेलं नाही, पण त्या वाक्यानंतर मी ती पुस्तकं वेगळ्या कानानं ऐकते हे खरं.

सर्वांत खोल रुतलेलं पुस्तक मात्र एलिझाबेथ असेवेदोचं ‘द पोएट एक्स’. 2018 चं, तेही कवितेतलं, आणि त्याच वर्षी त्याला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. पंधरा वर्षांची शिओमारा कविता लिहिते, जुळ्या भावानं दिलेल्या वहीत. आई कमालीची धार्मिक. एका प्रसंगात ती वही आईच्या हाती लागते आणि आई ती जाळते. भाची हे सांगताना रडली होती, संतापानं. मी तो प्रसंग वाचला तेव्हा मलाही रडू आलं, पण माझं रडणं तिच्यासारखं निखळ नव्हतं. माझी नजर सारखी त्या आईच्या हातांकडे जात होती. केवढी घाबरलीय ही बाई, असं वाटत होतं, आणि असं वाटल्याबद्दल शरम वाटत होती. जळणाऱ्या वहीशेजारी मुलगी उभी असताना मी आईची बाजू कशी घेतेय? ही गोष्ट मी भाचीला सांगितलेली नाही. सांगितली असती तर ती चिडली असती कदाचित, पण मग आमचं बोलणं तरी झालं असतं.

त्याच पुस्तकात आणखी एक गंमत आहे. शाळेत निबंधाचा विषय दिला की शिओमारा आधी कच्चं लिहिते : जे खरंच मनात आहे ते, जखमेसकट. त्याच्यापुढे येतो पक्का मसुदा, तिनं प्रत्यक्षात वर्गात दिलेला. सभ्य, बेताचा, शिक्षकांना काळजी वाटणार नाही असा. दोन्ही शेजारी शेजारी छापलेत. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात, शिक्षिकेला फक्त दुसरा. आपल्या रफ वह्या आणि फेअर वह्या डोळ्यांपुढे आल्या माझ्या. रफ वहीत गणितं, खाडाखोड, शेजारणीशी चाललेलं लेखी भांडण, पानाच्या कोपऱ्यात कुणाचं तरी नाव लिहून त्यावर गिरवलेलं फूल. फेअर वहीला समास आखलेला. तपासायला जायची ती फेअर वही. वर्ष संपलं की जपून ठेवली जायची तीही फेअर वहीच, आणि तिच्यात आपण कुठेच नसायचो.

‘चांगलं आहे, तुमच्या वयासाठी तर फारच छान’ ही माझी फेअर वही होती.

का दिली मी ती? या प्रश्नाशी चार दिवस झटले. एक उत्तर सोपं आहे : तिच्या हातातल्या पुस्तकानं माझं असं व्हावं हे मान्य करायला मोठेपणा आडवा आला. मावशीनं पुस्तकं द्यायची आणि भाचीनं हरखून जायचं, अशी आमची जुनी रीत होती. ती उलटी झाल्यावर मला नीट उभं राहता आलं नाही. पण त्याच्याही खाली काहीतरी होतं. विल त्या लिफ्टमध्ये आहे आणि त्याला अजून ठरवायचंय, हे वाचताना मला जो हेवा वाटला तो. त्याच्या दुःखाचा नव्हे, देवाशपथ नव्हे. हेवा त्या ‘अजून’चा. या कादंबऱ्या जिथे संपतात तिथे त्यांच्या माणसांचं जवळजवळ काहीच ठरलेलं नसतं. पुस्तक मिटताना पंधरा वर्षांच्या वाचकाला वाटतं, आता हा काय करेल. मला वाटतं, मी तेव्हा काय केलं होतं. दोन्ही प्रश्न एकाच पानावरून निघतात. माझा प्रश्न तिच्या खोलीत, तिच्या त्या पुढे झुकलेल्या चेहऱ्यासमोर मांडायची माझी तयारी नव्हती.

स्पॉयलरच्या बाबतीत ही मुलं फार कडक असतात. शेवट फोडणाऱ्याशी भाची आठवडाभर अबोला धरते. पण तिचंच अत्यंत लाडकं पुस्तक ‘द बुक थीफ’ आहे, आणि त्यात निवेदन करणारा साक्षात मृत्यू कोण मरणार ते कितीतरी आधी सांगून टाकतो. मी तिला विचारलं होतं, हे कसं चालतं तुला? तिनं बराच विचार केला. म्हणाली, ‘‘तो सांगतो कारण त्यालाही सहन होत नाही. एकट्याला माहीत असणं.’’ मार्कुस झुसाकचं हे पुस्तक ऑस्ट्रेलियात 2005 मध्ये मोठ्यांसाठी म्हणून आलं आणि अमेरिकेत कुमारवयीनांसाठी. मजकूर तोच, कपाट वेगळं. हे मला माहीत असूनही मी ‘तुमच्या वयासाठी’ म्हणाले. एकट्याला माहीत असणं हे तिचे शब्द मात्र चौथ्या रात्री अचानक आठवले, आणि मी उठून एक जुनी वही काढली.

जे आलं ते लिहिलं. खण अडकतो त्या पानावर माझ्याही मनगटाला रग लागली. तिसरा माणूस आत आला तेव्हा तो कोण हे मला कळलं होतं आणि कळू नये असं वाटत होतं. लिफ्टमध्ये धूर भरत जातो तसं मला गुदमरलं आणि मी खिडकी उघडली. रडायचं नाही हा नियम माझ्याही घरात होता, तो कुणी सांगितला नव्हता तरी होता. माझा एक निर्णय असा आहे की जो मी खालच्या मजल्यावर पोचायच्या आत बदलायला हवा होता. अक्षर वाकडंतिकडं, तीन ठिकाणी खोडलेलं, शेवटचं वाक्य अर्धवट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला फोन केला. ती ‘हं, बोल’ म्हणाली, तोच नीटनेटका आवाज. मागे घरातल्या टीव्हीचा गलका. मी म्हटलं, ‘‘परवा मी तुला त्या पुस्तकाबद्दल नीट सांगितलं नाही. मी रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते. मला झोप लागली नाही.’’ पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. ‘‘आणि मला एक विचारायचंय,’’ मी म्हटलं, ‘‘समज, मधल्या एखाद्या मजल्यावर दार उघडलं आणि त्याला बाहेर पडता आलं असतं, तर तो पडला असता का गं? तू पडली असतीस?’’

टीव्हीचा आवाज जरा लांब गेला. तिच्या पावलांचा आवाज, भराभर.

‘‘थांब मावशी,’’ ती म्हणाली, ‘‘दार लावून येते.’’